कर्कच्या थडग्यावरचं अक्षर

प्रिय अनघा,

तुझं पत्र काल रात्री दोनदा वाचलं. मूळ ‘स्टार ट्रेक’ या अंतराळ मालिकेच्या ७९ भागांतल्या चुकांची वही भरत आली, आणि आता गोष्ट दिसायची सोडून नुसत्या चुकाच दिसतात, म्हणून पुढे बघू की थांबू असं विचारलं आहेस. थांबू नकोस. वही मात्र वेगळ्या तऱ्हेने लाव. चूक कुठे आहे याच्या शेजारी ती कधी जन्मली तेही लिही. मी गेले काही दिवस तेच करते आहे आणि माझं मत पार बदललं.

तुझ्या पहिल्या पानावर थडगं आहे. गॅरी मिचेल मनाच्या ताकदीने यानाच्या कप्तानासाठी, कर्कसाठी, खड्डा खणतो, दगड उभा करतो आणि त्या दगडावर नाव असतं ‘जेम्स आर. कर्क’. पुढे कायम तो जेम्स टी. कर्कच. पण हा भाग म्हणजे दुसरा पायलट, मालिका सुरू होण्याआधी वाहिनीला दाखवायला केलेला नमुना. त्यात यानाचा नेहमीचा डॉक्टर मॅकॉय नाही, डॉक्टर पायपर आहेत. पुढे यान चालवणारा सुलूसुद्धा अजून सुकाणूवर बसलेला नाही. वाहिनीने तो दाखवला तिसऱ्या आठवड्यात, २२ सप्टेंबर १९६६ ला. ८ सप्टेंबरपासून मॅकॉयची ओळख झालेल्या प्रेक्षकांसमोर अचानक दुसराच डॉक्टर आला. हा घोळ क्रमाचा आहे. आणि ‘आर’चा ‘टी’ केलास तर काय बदलतं? काहीच नाही. जिवाभावाचा मित्र आपल्या डोळ्यांदेखत आपलंच थडगं उभं करतोय, हे तितकंच अंगावर येतं.

आता ‘द एनिमी विदिन’. तू त्याला मालिकेतलं सगळ्यात मोठं भगदाड म्हणतेस. माणसं आणि वस्तू क्षणात यानातून ग्रहावर पोचवणारा ट्रान्सपोर्टर बिघडतो, कर्कचे दोन कर्क होतात, आणि खाली ग्रहावर सुलू आणि त्याचे सोबती अडकतात. रात्री तिथलं तापमान शून्याखाली १२० अंशांपर्यंत जातं. सुलू फेझर या किरणांच्या शस्त्राने दगड तापवतो आणि सगळे त्या दगडांना बिलगून बसतात. वरून हीटर पाठवले जातात, पण तेही दुभंगून पोचतात आणि चालत नाहीत. तुझा प्रश्न सरळ आहे: शटल, म्हणजे ग्रहावर उतरणारं छोटं यान, का नाही पाठवलं?

कारण शटल नव्हतंच. हा भाग दाखवला ६ ऑक्टोबर १९६६ ला. कर्कच्या यानाचं स्वतःचं शटल पहिल्यांदा दिसलं ‘द गॅलिलिओ सेव्हन’मध्ये, ५ जानेवारी १९६७ ला. दर आठवड्याला यान ग्रहावर उतरवून दाखवणं परवडणारं नव्हतं, म्हणून तर ट्रान्सपोर्टरची कल्पना निघाली. ऑक्टोबरमध्ये ही गोष्ट बघणाऱ्याला खाली जायचा एकच रस्ता माहीत होता आणि तोच बंद पडला होता. गोष्ट पक्की होती. भगदाड पडलं ते तीन महिन्यांनी, मागच्या बाजूने. त्या भागाच्या लेखकाला त्याचा दोष देणं मला अन्याय वाटतो.

कर्कच्या यानावरच्या चेकॉव्हचंही तेच. १९८२ च्या चित्रपटात कर्कचा जुना शत्रू खान त्याला बघताक्षणी ओळखतो, आणि खानचा भाग ‘स्पेस सीड’ दाखवला गेला १६ फेब्रुवारी १९६७ ला, तेव्हा चेकॉव्ह मालिकेत आलेलाच नव्हता. तो आला दुसऱ्या सीझनमध्ये. यात ‘स्पेस सीड’ची काय चूक?

आपल्या व्हल्कन ग्रहाला चंद्र नाही असं स्पॉक म्हणतो आणि १९७९ च्या चित्रपटात व्हल्कनच्या आकाशात भलेमोठे गोल दिसतात, हे मी सोडून दिलं. क्लिंगॉन या परग्रहावरच्या लोकांच्या कपाळांबद्दल मात्र बोलायचं आहे. १९६७ मध्ये सपाट कपाळं, १९७९ पासून उंचवटे. १९९६ मध्ये ‘डीप स्पेस नाइन’ या पुढच्या मालिकेच्या एका भागात वॉर्फ या क्लिंगॉनला हेच विचारतात आणि तो म्हणतो, आम्ही हा विषय बाहेरच्यांशी बोलत नाही. बस, इतकंच. २००५ मध्ये मग ‘एंटरप्राइझ’ या मालिकेने दोन भाग खर्चून त्याचं कारण म्हणून एका विषाणूची कथा रचली. मला वॉर्फचं एक वाक्य त्या दोन भागांपेक्षा कितीतरी खरं वाटतं. त्यात एका समाजाची लाज आहे. विषाणूत नुसतं ठिगळ आहे.

आणि यानाचे ते जुने शॉट! पायलटच्या वेळी इंजिनांच्या टोकांना सुळ्यासारखे काटे होते, नंतर तिथे फिरत्या दिव्यांचे घुमट आले. पैसे वाचवायला जुने शॉट पुन्हा पुन्हा वापरले, म्हणून एकाच भागात यान कधी काट्यांचं, कधी घुमटांचं. ही चूक मला मनापासून आवडते. तिच्यात काम करणाऱ्यांची धावपळ दिसते.

मग खरं भगदाड कुठलं? माझ्या मते ‘स्पेस सीड’मध्येच आहे, आणि तुझ्या वहीत ते नाही. खान शुद्धीवर येतो. कोण, कुठला, कर्कला ठाऊक नाही. खान आपलं पूर्ण नावही सांगत नाही. प्रश्न टाळतो आणि वर वाचायला यानाची तांत्रिक पुस्तकं मागतो. कर्क ती वाचायची सोय करून देतो! पुढे खान त्याच माहितीच्या बळावर यान ताब्यात घेतो आणि ब्रिजवरची, म्हणजे यानाच्या नियंत्रण कक्षातली, हवा तोडतो. इथे पुढच्या सीझनकडे किंवा बजेटकडे बोट दाखवता येत नाही. हे त्याच संध्याकाळी, पहिल्यांदा बघणाऱ्यालाही खटकलं असणार. आणि हे दुरुस्त केलं तर सगळी गोष्ट हलते, कारण पुस्तकं मिळाली नाहीत तर खान यान घेणार कसा?

मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण बाकीचा भाग फार ताकदीचा आहे. खान झालेला रिकार्डो मोन्टाल्बान पडद्यावर असेपर्यंत दुसरीकडे नजर जात नाही. आणि कर्क मूर्ख नाही, त्याला या माणसाचा संशय आलेला आहे. म्हणूनच तो होकार इतका सलतो.

गेले चार दिवस मी त्या प्रसंगात कर्कला एखादं वाक्य देऊन बघते आहे. पुस्तकं तर द्यायची, पण का देतोय ते कळलं पाहिजे, आणि तो कर्कच वाटला पाहिजे. आज परत तो भाग लाव, दवाखान्यातल्या त्या प्रसंगाशी थांब, आणि तुला काय सुचतं ते लिहून पाठव. माझी तीन वाक्यं खोडून झाली आहेत.

तुझीच,
रेवती