‘यातलं विमान खोटं आहे’ असं लिहून पाठवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

घरगुती पॅसिव्ह रडारचं, म्हणजे रेडिओ स्टेशनच्याच लहरींवर विमान टिपणाऱ्या रडारचं, चांगलं रेकॉर्डिंग सगळेच दाखवतात. तुम्ही सोबत बिघडलेलंही पाठवलंत आणि फाईलच्या नावातच लिहिलंत: ‘यातलं विमान खोटं आहे, क्रिस्टल वेगळे.’ या सहा शब्दांचे आभार कसे मानायचे, कळत नाही.

वेगळ्या क्रिस्टलची, म्हणजे रिसीव्हरला ताल देणाऱ्या भागाची, ही चूक सांगायला आधी कुणीच तयार नव्हतं. सुटे भाग विकणारे म्हणाले, दोन आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीत खोचायचे स्वस्त रेडिओ रिसीव्हर) लावा, झालं रडार. जाणकार म्हणवणाऱ्यांनी लाखाच्या घरातलं यंत्र घ्या, नाहीतर नाद सोडा, असं सांगून वाटेला लावलं. २८.८ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलचं नावही दोघांच्या तोंडून निघालं नाही. सगळी मेख तिथेच होती.

पॅसिव्ह रडारला स्वतःचा ट्रान्समीटर लागत नाही. मुंबईत आकाशवाणीचं १००.७ मेगाहर्ट्झचं एफएम स्टेशन आहेच. एक अँटेना स्टेशनकडे, दुसरी विमानावरून येणारा प्रतिध्वनी टिपायला आकाशाकडे, मग दोन्हींच्या सिग्नलची तुलना. १९३५ साली इंग्लंडमधल्या डॅव्हेंट्रीला वॉटसन-वॉट आणि विल्किन्स या संशोधकांनी बीबीसीच्या लघुलहरींवर विमान असंच टिपलं होतं. पण दोन क्रिस्टलमध्ये दहा लाखांत एका भागाचा फरक असला, तरी १०० मेगाहर्ट्झवर तो १०० हर्ट्झ होतो. ताशी ५४० किलोमीटरने येणाऱ्या विमानाचा डॉप्लरही, म्हणजे वेगामुळे फ्रिक्वेन्सीत पडणारा फरकही, जास्तीत जास्त तेवढाच! त्यात डोंगल तापत गेला की अंतर-वेगाच्या आलेखावरचा ठिपका सरकतो, अगदी खऱ्या विमानासारखा. तुमच्या फाईलमध्ये तो शून्य अंतरावर बसलाय. म्हणजे तो प्रतिध्वनी नाहीच, स्टेशनचा थेट सिग्नल आहे. दोन्ही फाइली शेजारी ठेवल्यावर हे एका नजरेत कळतं.

पुढचं सगळं त्यातूनच सुटलं. एका डोंगलचा क्रिस्टल काढून दुसऱ्याचा क्लॉक (तालाचा सिग्नल) आखूड कोॲक्स केबलने त्याला दिला. तरी यूएसबीवरून दोन्हींचे नमुने (सिग्नलची क्षणाक्षणाची मोजमापं) एकाच क्षणी सुरू होत नाहीत. म्हणून आधी स्प्लिटरने दोघांना एकच सिग्नल द्यायचा, मेळ कुठे बसतो ते पाहायचं आणि तेवढे नमुने सरकवायचे. सेकंदाला २४ लाख नमुने घेताना एक चुकला, तर मार्गात १२५ मीटरचा फरक पडतो. फ्रिक्वेन्सी बदलली की फेज (लहरींच्या चढउताराचा मेळ) नव्याने जुळवायची.

गेनचं, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा याचं, तुम्ही बजावून सांगितलंत, तेही खरं. ऑटो गेन बंदच हवा. डोंगलच्या ८ बिटांच्या मोजमापात थेट सिग्नल मावला नाही तर प्रतिध्वनी त्याखाली चिरडला जातो. आकाशाकडच्या यागी अँटेनाची बगल स्टेशनकडे केली, मधे इमारतीची भिंत घेतली, की निम्मं काम होतं. उरलेला थेट सिग्नल सॉफ्टवेअरमध्ये वजा करायचा.

आणि बातम्यांची वेळ टाळा, हे तुमचं सांगणं! निवेदक श्वास घ्यायला थांबला की एफएमची बँडविड्थ (सिग्नलचा फ्रिक्वेन्सीतला पसारा) आक्रसते आणि अंतराचा ठिपका लांबट पसरतो. ढोल-ताशाचं गाणं लागलं की तोच ठिपका आवळून येतो. हे फक्त स्वतः तासन्‌तास ऐकत बसलेल्या माणसालाच ठाऊक असतं.

स्वतःचं बिघडलेलं काम नावनिशीवार दुसऱ्याच्या हाती देणं सोपं नसतं. असं देणारी माणसं आहेत म्हणून स्वस्त सामानात असलं काही उभं राहतं.

सोबत आमच्याही दोन फाइली जोडल्या आहेत. दुसरीत गेन मुद्दाम वाढवलाय, नावात तसं लिहिलंय.

आपले कृतज्ञ