तिसऱ्या फ्रेटची खरखर

पुणे, १२ जुलै

दिग्या,

शिव्या आधीच घालून घे. दीड वर्ष फोन नाही, काकूंच्या ऑपरेशनलाही फिरकलो नाही, आणि आता पत्र लिहितोय ते गिटारपायी. पण सांगू कुणाला? बायकोचं म्हणणं, "खडखडतंय तर परत करून या." तब्येत ठीक. साखर काठावर आहे, चालायचंच.

तर बेस गिटार घेतला. हो, ४९व्या वर्षी. त्या जुन्या लालच्या जागी. (लाल कुणाच्या सल्ल्याने विकला, हे उकरायचं नाही असं ठरलंय. तुझ्याच.) दुकानदार म्हणाला, "सेटअप करूनच देतोय साहेब." घरी आणून जाडी तार छेडली, तर मानेवरच्या पहिल्या पाच फ्रेटवर, त्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, नुसती खर्रर्र.

मग मी नेमका गाढवपणा केला. चारही सॅडल, म्हणजे घोडीवरचे तारांचे टेकू, वर चढवले. सतराव्या फ्रेटवर तार दोन-सव्वादोन मिलिमीटर उंच असली की पुरे, माझी साडेतीनला गेली. बोटं सोलवटली आणि खरखर जिथल्या तिथे! तेव्हा कुठे तुझं ते आठवलं, "खालच्या फ्रेटवर वाजतंय ना? मग मान बघ, घोडीला हात लावू नको."

मान बघितली. पहिल्या फ्रेटवर कापो, तो तारा दाबून धरणारा चिमटा, लावला, मान धडाला मिळते तिथे तार दाबली आणि सातव्या फ्रेटपाशी फटीत व्हिजिटिंग कार्ड घालायला गेलो. शिरेना. फट असेल तर शिरेल! मान हवी तेवढी वाकलेलीच नव्हती. तारा बदलून बारीक घातल्या असणार, किंवा मानेच्या आतला, तिचा बाक सांभाळणारा रॉड कुणीतरी उगाच आवळला असणार. त्या ट्रस रॉडला चावी लावली आणि हाताला घाम. चार तारा मिळून पाऊणशे किलोच्या आसपास ओढत असतात रे त्या लाकडाला. उलटा पाव फेरा दिला, सैल केला, आणि रात्रभर तसाच ठेवला. कोपऱ्यात, भिंतीला टेकवून नाही, ते तू शिकवलंयस. सकाळी कार्ड तार न उचलता अलगद आत गेलं. काय सांगू, मुलगा पास झाल्यावर एवढा आनंद झाला नव्हता.

सॅडल परत खाली आणले. बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक, तार न दाबता नुसत्या स्पर्शाने निघणारा सूर, आणि तिथेच दाबलेला सूर जुळवून पाहिला, जाड्या तारेचा दाबलेला सूर चढा निघाला, म्हणून तिचं सॅडल मागे सरकवलं. सगळं जमलं. फक्त जाड्या तारेचा तिसरा फ्रेट उरलाय. ॲम्प लावला की ऐकू येत नाही, पण रात्री नुसतं वाजवलं की बारीक जर्रर्र येतेच. तुझे मामा मिरजेत तंबोऱ्याच्या घोडीवर सुताचा दोरा केसभर इकडे, केसभर तिकडे करत अर्धा दिवस बसायचे, ही जर्रर्र यावी म्हणून. आपण माडीवरून हसायचो. मी इथे तीच घालवायला जागतोय.

खरं सांगू? अनामिका फ्रेटला चिकटवून नीट दाबली की जाते. वीस मिनिटं वाजवलं की बोट दमून मागे सरकतं आणि ती परत येते. गॅदरिंगनंतर तू सगळ्यांदेखत म्हणाला होतास ना, "याचं तिसरं बोट सरकारी नोकरीत आहे"? महिनाभर बोललो नव्हतो तुझ्याशी. आता वाटतं, फ्रेट घासून घ्यायच्या आधी बोटाचाच सेटअप करावा लागणार. की फ्रेटच उचललाय? मला माझ्या कानावर भरवसा उरलेला नाही, हीच खरी पंचाईत आहे.

काकू आता चालतात का? चिऊचं दहावीचं काय झालं? वहिनींना नमस्कार, आंब्याचं लोणचं संपलं म्हणावं.

दोन रेकॉर्डिंग पाठवतोय, एक ॲम्प लावून आणि एक नुसतं. नुसतंच ऐक, हेडफोन लावून. आणि निकाल "बोट" असा असेल तर फोन करून सांग, लिहू नकोस. पत्रं घरात आधी बायको उघडते.

तुझा,
बाळ्या