आधी प्रार्थना, मग रिक्षा

संपादक महोदय,

'प्रार्थना म्हणजे केवळ मनाची समजूत' हे रविवारच्या पुरवणीतील आरोग्यविषयक लेखातले विधान पटले नाही. २००१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने इटलीतील संशोधकांचा एक अभ्यास छापला होता. २३ निरोगी व्यक्तींनी रोझरीची, म्हणजे कॅथलिक ख्रिस्ती लोकांच्या जपमाळेची, प्रार्थना लॅटिनमध्ये म्हटली, तेव्हा त्यांचा श्वास मिनिटाला सुमारे ६ इतका संथ झाला आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा अधिक तल्लख झाली. योगमंत्राच्या जपानेही हेच घडले. माळ कोणाची, यावर हृदय अडून बसत नाही.

प्रयोग थोड्या लोकांवरचा, फार ताणू नये. मला उपासनेचा दुसरा फायदा जास्त मोलाचा वाटतो. जालन्यातील आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या (चर्चमधल्या) एक मधुमेही आजी सलग दोन रविवार दिसल्या नाहीत, तेव्हा उपासना संपताच दोघी जणी त्यांच्या घरी गेल्या. पायाची जखम चिघळलेली आणि आजी हळद लावून बसलेल्या. दोघींनी आधी प्रार्थना केली, मग रिक्षा बोलावली. पुढे आठवडाभर ड्रेसिंगला कोणी ना कोणी सोबत गेले. एवढी चौकशी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहून मिळत नाही.

'प्रार्थना करा, गोळ्या सोडा' असे सांगणारे आमच्यातही आहेत, हे मान्य. बायबलमधले शुभवर्तमान (येशूचे चरित्र) लिहिणाऱ्या लूकला आरंभीचा ख्रिस्ती प्रचारक पौल याने 'प्रिय वैद्य' म्हटले आहे, याची त्यांना आठवण करून द्यावी लागते.

– एक वाचक, जालना