जमीन कसली, पण नावावर झाली दहा वर्षांनी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेच्या पश्चिम भागातील आरंभीच्या वसाहतकारांवर आलेला लेख आवडीने वाचला. त्यात जॉर्ज वॉशिंग्टन बुश यांच्या वाट्याला जेमतेम दोन वाक्ये आली असून, ‘दानशूर शेतकरी’ एवढीच त्यांची ओळख करून दिली आहे. ती चुकीची नाही. मात्र हे दातृत्व कोणत्या कायद्यांच्या छायेत घडले ते सांगितल्याशिवाय या माणसाचे मोठेपण कळत नाही, म्हणून हे पत्र.

बुश कृष्णवर्णीय होते, पण गुलाम नव्हते. मिसुरीत त्यांचा चांगला जम बसला होता. १८४४ मध्ये पत्नी इझाबेला, पाच मुलगे आणि मित्र मायकेल सिमन्स यांच्या कुटुंबासह आणखी काही गोरी कुटुंबे, असा तांडा बैलगाड्यांनी पॅसिफिक किनाऱ्यावरच्या ऑरेगनकडे निघाला. सोबतच्या काहींचा वाटखर्चही बुश यांनीच उचलला होता. सुमारे तीन हजार किलोमीटरची ती वाट संपता संपता त्यांना समजले, की तिथल्या हंगामी सरकारने त्याच वर्षी कायदा करून गुलामगिरीला बंदी घातली आहे आणि त्याच कायद्याने कृष्णवर्णीयांनी ठरावीक मुदतीत प्रदेश सोडावा, न सोडल्यास चाबकाचे फटके खावेत, असेही ठरवले आहे. बुश यांना मागे ठेवून ऑरेगनमधल्या विलामेट नदीच्या खोऱ्यातली सुपीक जमीन घेणे इतरांना सहज शक्य होते. त्यांनी तसे केले नाही. १८४५ मध्ये सगळेच कोलंबिया नदीच्या उत्तरेला, त्या सरकारचा अंमल प्रत्यक्षात पोहोचत नव्हता अशा प्युजेट साउंड या समुद्राच्या खाडीच्या दक्षिण टोकाशी जाऊन राहिले. आजचे वॉशिंग्टन राज्यातले टमवॉटर शहर ते हेच, आणि बुश यांनी नांगराखाली आणलेल्या माळाला अजून ‘बुश प्रेअरी’ म्हणतात.

पुढच्याच वर्षी ब्रिटनशी झालेल्या तहाने हा मुलूख अमेरिकेकडे आला आणि ज्या कायद्यांपासून बुश दूर गेले होते, ते त्यांच्या मागोमाग आले. १८५० च्या जमीनवाटपाच्या कायद्याने विवाहित गोऱ्या वसाहतकाराला पत्नीसह ६४० एकर जमीन मिळू लागली; पाच वर्षे राबून पिकवलेली जमीन बुश यांची मात्र कागदावर नव्हतीच. अशा स्थितीत १८५२ मध्ये धान्याची टंचाई पडली. व्यापारी चढा भाव देत असताना बुश यांनी धान्य विकले नाही, तर नव्याने आलेल्या कुटुंबांना खाण्यापुरते आणि पेरण्यापुरते दिले; परतफेड जमेल तेव्हा धान्यानेच करावी, एवढीच अपेक्षा ठेवली. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव लागण्यासाठी झिजलेल्या शेतकऱ्याला, स्वतःच्या जमिनीचा भरवसा नसताना कणगी दुसऱ्यासाठी रिकामी करणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

शेजाऱ्यांनी याची जाण ठेवली. कोलंबियाच्या उत्तरेच्या या भागाचा तोवर वेगळा वॉशिंग्टन प्रदेश झाला होता; त्याच्या पहिल्या विधिमंडळाने १८५४ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसकडे, म्हणजे संसदेकडे, अर्ज केला आणि १८५५ मध्ये खास कायदा होऊन ती ६४० एकर जमीन बुश दांपत्याची झाली. लेखकांना ही गोष्ट ठाऊक असेल, तर ती सुखान्त म्हणून सांगितली जाण्याची मला भीती वाटते. एका भल्या माणसापुरता अपवाद झाला, कायदा तसाच राहिला. १८६३ मध्ये वारलेल्या बुश यांना मतदानाचा हक्क कधीच मिळाला नाही. शिवाय ती जमीन मुळात निस्क्वाली या तिथल्या मूलनिवासी लोकांच्या मुलुखातली होती आणि डिसेंबर १८५४ मध्ये मेडिसिन क्रीकच्या तहाने त्यांच्याकडून बहुतेक भूमी काढून घेण्यात आली होती. या तहानंतर पेटलेल्या लढाईनंतर १८५८ मध्ये त्यांचे पुढारी लेशाय यांना फाशी देण्यात आली. बुश यांच्याबद्दल मला अपार आदर आहे, पण हा भाग गाळून तो व्यक्त करणे मला बरोबर वाटत नाही.

त्यांचे थोरले चिरंजीव विल्यम ओवेन बुश यांच्या गव्हाला १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात पारितोषिक मिळाले आणि १८८९ मध्ये वॉशिंग्टन राज्य झाल्यावर त्याच्या पहिल्याच विधिमंडळात ते निवडून गेले. ज्या ठिकाणी वडिलांना मत देता येत नव्हते, तिथे मुलगा कायदे करू लागला. लेखमालेच्या पुढील भागात या पितापुत्रांना आणि निस्क्वाली लोकांना पुरेशी जागा द्यावी, ही आग्रहाची विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका, सांगली