खरड छाटणी सुरू होण्याआधी

नाशिक,
दि. २ एप्रिल

तीर्थरूप बाबा व आई यांना शि. सा. नमस्कार, वि. वि.

फोनवर हा विषय काढला की बाबा ‘बरं, बरं’ म्हणून फोन आईकडे देतात आणि आई जेवणाचे विचारते, म्हणून या वेळी कागदावर लिहीत आहे. मामांकडच्या लग्नात कोणीतरी बाबांना विचारले की मुलगी नेमकी कशात पीएच.डी. करते, तेव्हा बाबांनी ‘हवामानात’ असे सांगितले आणि त्या गृहस्थांनी लगेच मला यंदाचा पाऊस विचारला. मी हसून वेळ मारून नेली. चार वर्षांत मी घरी काही धड समजावून सांगितलेले नाही, ही चूक मात्र माझीच आहे.

उन्हात काम करणाऱ्यांच्या शरीरावर त्या उन्हाचा काय परिणाम होतो, हे मी मोजते. आणि तेही दूर कोठे नव्हे, तर आपल्याच निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत आणि उन्हाळ कांद्याच्या वावरांत. निफाडचे नाव वर्तमानपत्रात येते ते डिसेंबर-जानेवारीत, पारा ५ अंशांखाली गेला म्हणून. एप्रिल-मेमध्ये तेथे काय होते, याची बातमी सहसा होत नाही.

गेल्या वर्षी बाबांनी मला बांधावर गाठून विचारले होते की टीव्हीवर ३९ अंश सांगत असताना तुझे यंत्र ३१ कसे दाखवते, ते बिघडले आहे का. तेव्हा घाईत राहून गेलेले उत्तर आज देते. टीव्हीवरचा आकडा फक्त हवेचा आणि तोही सावलीतला असतो. माझ्या तिवईवर मात्र तीन तापमापके असतात. एक साधे, सावलीत ठेवलेले. दुसरे काळा रंग दिलेल्या तांब्याच्या पोकळ गोळ्यात बसवलेले असते आणि ते वरचे ऊन व खालच्या तापलेल्या मातीची धग, दोन्ही घेते. तिसऱ्याच्या टोकाला सतत ओली राहणारी सुती वात असते. त्या दुपारी पहिले ३९, दुसरे ५२ आणि तिसरे २४ दाखवत होते. या तिघांची सरळ सरासरी काढत नाहीत. दहापैकी सात हिस्से ओल्या वातीला, दोन गोळ्याला आणि साध्या हवेला एकच हिस्सा देतात. बाबांनी हिशेब करून पाहावा, ३१.१ येतील. अमेरिकेच्या मरीन सैनिकांना कवायतीत उष्माघात होऊ लागले म्हणून १९५०च्या दशकात हे माप तयार झाले. उन्हाची सवय असलेल्या माणसाला मध्यम कष्टाचे काम सलग करायचे असेल, तर आंतरराष्ट्रीय मानकानुसार या मापावर २८ ही मर्यादा धरतात. म्हणजे यंत्र बिघडलेले नव्हते.

ओल्या वातीला एवढा मान का, हे आपल्या ओसरीवरच्या माठावरून कळते. माठ पाझरतो आणि ते पाणी उडून जाताना आतली उष्णता बरोबर नेते. माणूसही तसाच पाझरतो. एक लिटर घाम पूर्ण उडाला, तर तो शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. परंतु वळीव येण्याआधीच्या कोंदट दिवसांत घाम नुसता निथळतो, उडत नाही. ‘आज माठाला गुणच नाही,’ असे आई त्या दिवसांत म्हणते, तेव्हा ती माझ्या प्रबंधाचा अर्धा भाग सांगत असते.

आपल्याकडची अडचण अशी, की वर्षातले सर्वांत कडक ऊन आणि द्राक्षवेलींची खरड छाटणी एकाच वेळी येतात. छाटणी झाली की मांडवावर पान म्हणून राहत नाही. कात्री धरलेले हात दिवसभर डोक्याच्या वर असतात आणि सावली ती एकट्या टोपीची किंवा पदराची. बांधावरची झाडे बागेवर सावली पडते म्हणून बहुतेकांनी तोडली, आपणही तोडली. विहिरीजवळचा कडुनिंब तेवढा वाचला. त्याच्याखाली तोच काळा गोळा ४१ अंश दाखवतो. पण छाटणी करणारे तेथवर चालत येत नाहीत, कारण काम उक्ते असते आणि येण्याजाण्यात गेलेला वेळ त्यांच्याच मजुरीतून जातो.

आता जे लिहिते आहे, ते मी कोणाजवळ बोललेले नाही. गेल्या एप्रिलमध्ये, आपल्या नव्हे तर दुसऱ्या एका बागेत, सुरगाण्याकडून आलेल्या टोळीतली एक बाई ओळीच्या टोकाला लोखंडी अँगल धरून हळूच खाली बसली. मी आधी यंत्राकडे पाहिले, वेळ आणि आकडा वहीत लिहिला आणि मग तिच्याकडे गेले. मध्ये अर्धे मिनिट गेले असेल. तिला सावलीत नेले, ओढणी भिजवून मानेवर ठेवली, ओआरएस घोट घोट पाजले. अर्ध्या तासाने तिला बरे वाटले आणि ती कात्री शोधू लागली. वहीतली ती नोंद अगदी स्वच्छ अक्षरात आहे, आणि ते पान उलटताना मला अजूनही ओशाळल्यासारखे होते.

त्या रात्री मी घरी आले होते आणि एवढेच म्हणाले होते की पिंप भरलेले असूनही ती बाई सकाळपासून एकच पेला पाणी प्यायली होती. आई भाकरी थापत होती. ‘प्यायली तर जाईल कुठे?’ एवढेच ती म्हणाली. आई, माझ्या प्रश्नावलीत पाणी किती पिता, कशातून पिता, ते किती अंतरावर आहे, असे सगळे प्रश्न होते. हा एक नव्हता. माझ्या मार्गदर्शकांनी तो लगेच घालायला लावला. आता मी तो विचारते, तेव्हा बायका आधी एकमेकींकडे पाहून हसतात आणि मग तुझेच वाक्य मला ऐकवतात. पाणी तोडून उन्हात राबल्याचा भार मूत्रपिंडांवर पडतो. एल साल्वादोर आणि निकाराग्वामध्ये मधुमेह किंवा रक्तदाब नसलेल्या तरुण ऊसतोड मजुरांची मूत्रपिंडे निकामी झालेली आढळली आहेत, आणि उन्हातले कष्ट व शरीरातले पाणी कमी होणे यांकडे त्याचे एक मुख्य कारण म्हणून पाहिले जाते.

बाबा म्हणतील की आपल्या गावात उन्हाने कोण मेले आहे. दाखल्यावर तसे लिहिले जात नाही, हे खरे आहे. तेथे हृदयक्रिया बंद पडलेली असते. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेची लाट आली, तेव्हा २००९ आणि २०११ च्या मे महिन्यांशी ताडून पाहिल्यावर १,३४४ मृत्यू जास्तीचे निघाले. त्यानंतर २०१३ मध्ये तेथील महापालिकेने उष्णतेसाठी कृती आराखडा केला. आकडा असा शेजारच्या वर्षांशी ताडूनच दिसतो. एकेका घरात तो ‘वय झाले होते’ एवढाच असतो.

आणि वयाचेच बोलायचे, तर बाबा, अडुसष्टाव्या वर्षी तहान उशिरा लागते आणि घामही पूर्वीसारखा येत नाही. म्हणजे माठ पाझरणे कमी करतो आणि रिकामा होत आला तरी सांगत नाही. त्यात तुमची रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी आहे. ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. परंतु छाटणीआधी डॉक्टरांना दाखवून उन्हाळ्यात ती कशी घ्यायची हे विचारून घ्या. अकरा ते चार तुम्ही बागेत जाऊ नये. मजुरांवर लक्ष ठेवायला मी त्या आठवड्यात तेथेच असेन आणि माझ्या नजरेतून वेलीवरचा कात्री लागलेला एकही चुकीचा डोळा सुटणार नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

आणखी दोन कामे आहेत. टोळीशी बोली करताना दुपारची सुट्टी उक्त्याच्या दरात धरून सांगावी, म्हणजे कोणी सावलीत बसले तर त्याचे नुकसान होणार नाही. काम पहाटे लवकर सुरू करता येईल. आणि गोठ्यामागे पडलेले जुने शेडनेट व चार बांबू काढून ठेवावेत. बागेच्या मध्यावर, विहिरीकडे नव्हे, बायकांसाठी आडोसा करायचा आहे. जागा आईने ठरवावी.

मी रविवारी सकाळच्या एसटीने येत आहे. बरोबर एक लहान तापमापक आणीन, कारण आपल्या पत्र्याखाली रात्री किती उकडते हे मला मोजायचे आहे. दिवसा तापलेले शरीर रात्री निवले नाही, तर दुसरा दिवस जास्त जड जातो. माठाच्या वर, ऊन येणार नाही अशा भिंतीवर एक खिळा ठोकून ठेवा. आईने रात्री दहाला आणि पहाटे पाचला आकडा कॅलेंडरवर लिहावा. फक्त दुधाच्या हिशेबाच्या चौकटीत लिहू नये, गेल्या वेळी ३४ लिटर दूध झाले होते.

कळावे,
तुमची
धाकटी