वेटोळं जमलं, दादा!

दादा, नमस्कार.

चिलरच्या, म्हणजे आतून गार पाणी फिरवून बीअरचा उकळता काढा झटपट निववणाऱ्या तांब्याच्या वेटोळ्याच्या, कामात तुम्ही केलेल्या मदतीबद्दल मनापासून आभार. घरी बीअर करणाऱ्या इतरांच्याही उपयोगी पडावं, म्हणून मापांसकट उघडच लिहितो.

20 लिटर वर्टला (बीअर होण्याआधीचा माल्टचा गोड काढा) 3/8 इंची मऊ तांब्याची 7.5 मीटर नळी पुरते, हे तुमचं म्हणणं तंतोतंत खरं. 36 सेंमी रुंद पातेल्यात 25 सेंमी व्यासाचे आठ वेढे बसतात, मध्ये बोटभर फट राहते आणि वरचा वेढाही बुडतो. नळी नुसत्या हाताने वळवली की आतल्या बाजूने चेपते, आणि पाण्याची धार तिथेच मरते. त्यावर तुमचा मिठाचा उपाय नामी! कोरडं बारीक मीठ ठासून भरायचं, तोंडं बंद करायची आणि डब्याभोवती सावकाश गुंडाळायचं. मग पाणी सोडलं की मीठ विरघळून जातं. वाळू मात्र आत अडकून बसते.

दोन्ही टोकं काठावरून बाहेर काढून खाली वाकवायची, हा तुमचा हट्ट होता. आता कळतं का ते: नळीवर पाइप आवळणारा क्लॅम्प गळलाच तर थेंब जमिनीवर पडतो. गार वर्टात नळाचं पाणी टपकलं तर जंतूंना आयती मेजवानी. सुरुवातीला बाहेर येणारं पाणी हात भाजेल इतकं कढत असतं, साधा पाइप मऊ पडून निसटतो; त्या टोकाला सिलिकॉनचाच हवा.

पण सगळ्यात मोठे आभार बर्फाच्या हिशोबाचे. 100 अंशांपासूनच बर्फाचं पाणी फिरवलं तर 35 वर येईपर्यंत 16 किलो बर्फ वितळतो. तेवढं काम नळाचं पाणी करतं. पुढे 35 ते 20 अंशांसाठी हिशोबाने चार किलो, नासधूस धरून सहा. बादलीत छोटा पंप टाकला की झालं. आणि वेटोळं सतत हळूहळू हलवत राहायचं, नाहीतर वेढ्यांना बिलगून गार वर्टचा थर बसतो आणि बाकीचं तसंच गरम राहतं.

उकळीच्या शेवटच्या 15 मिनिटांत चिलर आत सोडतो, निर्जंतुक करायला वेगळं काही लागत नाही. हिरवट डाग दिसले तर आधी व्हिनेगरने पुसून घेतो.

तुमचा पाइप कटर पुसून ठेवलाय, रविवारी आणून देतो.

आपला कृतज्ञ