बंड्याच्या गाडीतला पिवळा दिवा

मुलुंड, मुंबई
शनिवार, रात्री उशिरा

प्रिय बंड्या,

फोनवर तुला काही सांगायला घेतलं की तू मधेच "गाडी कामातून गेली का, एवढंच सांग" म्हणून तोडतोस. म्हणून बसून लिहितोय. चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला म्हणून गाडी कामातून गेलेली नाही. आणि टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा तो पंखा, बदलायला त्या गॅरेजवाल्याला इतक्यात हो म्हणू नकोस.

गाडीतले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरचा तू पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. कोड आहे पी०२९९. टर्बोकडून जेवढा दाब यायला हवा तेवढा येत नाहीये, एवढाच त्याचा अर्थ. का येत नाही, ते त्यात नाही. सोसायटीच्या तक्रारवहीत "तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही" असं कुणी लिहितं, तसलाच हा प्रकार. ते वाचून कुणी थेट नवा पंप आणत नाही. टर्बो खरंच गेलेला असू शकतो, नाही असं नाही. पण टर्बोकडून हवा गार करणाऱ्या इंटरकूलरला आणि तिथून इंजिनाला जाणारा रबरी पाइप, म्हणजे होज, चिरला, त्याचा क्लॅम्प ढिला झाला, एअर फिल्टर धुळीनं गच्च भरला किंवा व्हॅक्यूमची बारीक नळी निसटली, तरी हाच कोड येतो. यातली प्रत्येक गोष्ट टर्बोपेक्षा कितीतरी स्वस्त आहे, आणि नेमकी म्हणूनच ती आधी कुणी बघत नाही.

उद्या सकाळी इंजिन गार असताना टॉर्च घेऊन बस. त्या जाड होजवरून बोट फिरव, विशेषतः क्लॅम्पच्या खालच्या बाजूनं, जिथे नजर जात नाही. होजच्या आत थोडा तेलकटपणा असतोच, त्याला घाबरू नकोस. पण बाहेरून एका ठिकाणी तेल आणि धूळ मिळून काळा चिकट थर बसला असेल, तर हवा तिथूनच निसटतेय. मग गाडी चालू करून निखिलला अ‍ॅक्सिलरेटर दाबायला सांग आणि कान दे. फुस्स असा आवाज आला की चोर सापडला. हात आणि शर्टाची बाही पंख्यापासून लांब ठेव.

घोडबंदरच्या चढावर गाडीनं दम तोडला म्हणालास, तेही याच्याशी जुळतं. दाब कमी पडतोय असं दिसलं की गाडीचा कॉम्प्युटर इंजिन वाचवायला स्वतःच पिकअप कमी करतो.

गॅरेजमध्ये त्यांनी कोड उडवला, दिवा गेला, पैसे घेतले आणि भिवंडीला दिवा परत लागला. लागणारच. शिवाय कोड उडवला की त्याच्यासोबत साठवलेली माहितीही जाते. दिवा लागला त्या क्षणी वेग किती होता, इंजिन किती फिरत होतं, कूलंट किती तापलं होतं, हे सगळं त्यात असतं आणि चांगल्या मेकॅनिकला तेच हवं असतं. यापुढे आधी फोटो, मग बाकीचं. लॅमिंग्टन रोडला ब्लूटूथचा छोटा स्कॅनर मिळतो, तो घेऊन टाक. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात बसतो आणि फोनवर कोड दाखवतो. फक्त गाडीचं फिरतं घर करताना तुझ्या त्या हौशी सुताराने तिथे सनमायका लावलेली फळी ठोकलीय, ती आधी कापून घे. सहा खण, दोन मसाल्याचे डबे ठेवायला जागा, आणि सॉकेटला हात जात नाही!

आता बाकीच्या दिव्यांचं. पिवळा दिवा असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर सावकाश घरी ये आणि मग बघ. लाल म्हणजे बाजूला घे. त्यातही तेलाच्या झारीचं चित्र लाल झालं तर पुढचा पंप, पुढचा ढाबा असलं काही बघायचं नाही. बाजूला घेऊन तिथल्या तिथे इंजिन बंद. तेलाचा दाब नसताना इंजिन चालवलं तर बेअरिंगं थोड्याच वेळात जातात, आणि त्यापुढे टर्बोचा खर्च किरकोळ वाटेल. तापमानाचा लाल दिवा घाटात लागला तर एसी बंद, हीटर फुल्ल, आणि जागा दिसेल तिथे थांब. घामाघूम होशील, पण इंजिनातली थोडी उष्णता आत खेचली जाते. गाडी पूर्ण निवेपर्यंत रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. वाफेनं हात भाजतो.

गाडी सेकंडहँड आहे म्हणून आणखी एक. चावी फिरव, पण स्टार्ट करू नकोस. तेल, बॅटरी, चेक इंजिन हे सगळे दिवे लागले पाहिजेत आणि स्टार्ट केल्यावर विझले पाहिजेत. एखादा लागतच नसेल तर खूश होऊ नकोस, विकणाऱ्यानं तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो.

मला जास्त काळजी वाटते ती डीपीएफची. १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचा बीएस-६ नियम आला, आणि तेव्हापासूनच्या डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा हा फिल्टर असतो. काजळी साठली की गाडी तो सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवून ती जाळते, पण त्यासाठी सलग पळावं लागतं. तुझी गाडी महिनाभर गोरेगावला उभी, आणि रविवारी जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरून पवईपर्यंत रांगत जाते. तिला जाळायला वेळ मिळणार कधी? जाळणं सुरू असताना गाडी बंद केली की काम अर्धवट राहतं, आणि असं वारंवार झालं तर जास्तीचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर तेल वाढलेलं दिसलं तर ते चांगलं लक्षण नाही. गाडी बंद केल्यावरही पंखा घोंघावतोय, गरम वास येतोय, असं झालं तर समज की काम अर्धवट तुटलं. रात्री उशिरा ईस्टर्न एक्सप्रेसला काढ आणि वीसेक मिनिटं खालच्या गिअरमध्ये, इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांच्या वर ठेवून, न थांबता चालव. आणि कोकणात पोचल्या पोचल्या वाळक्या गवतात गाडी लावून स्टोव्ह पेटवायला बसू नकोस. त्या वेळी सायलेन्सर इतका तापलेला असू शकतो की खालचं गवत पेटेल.

एकदम चार-पाच दिवे लागले, एबीएस, एअरबॅग, इंजिन सगळे मिळून, तर सगळंच बिघडलं असं समजू नकोस. आधी बॅटरीचं टर्मिनल आणि अर्थिंगची वायर हलवून बघ. तुझ्या गाडीत फ्रिज, पंखे आणि दुसरी बॅटरी बसवताना कुणी कुठून वायर ओढलीय देव जाणे. व्होल्टेज पडलं की सेन्सर काहीबाही बोलायला लागतात. मल्टिमीटर लावलास तर इंजिन बंद असलेल्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना बहुतेक वेळ १३.८ ते १४.४ दिसायला हवं. चालू गाडीत आकडा १२ च्या घरातच राहिला तर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट बिघडलाय.

आणि निळ्या झाकणाची टाकी आहे का बघ. असेल तर ती युरियाच्या पाण्याची. त्यात डिझेल जाता कामा नये आणि डिझेलच्या टाकीत ते पाणी जाता कामा नये. पंपावर उतरून स्वतः उभा राहा.

होज बघून झाला की फोन कर. काही मिळालं, नाही मिळालं, तरी पुढच्या रविवारी आपण दोघंच गाडी कसारा घाटात नेऊ. घाट चढला की टर्बोवर ताण पडतो, तेव्हा कोड परत येतो का ते कळेल. वहिनी आणि पोरांना घेऊन सावंतवाडीला निघण्याआधी एवढं व्हायलाच हवं, मग त्या कितीही रागावोत. त्यांना सांग, मी अडवतोय म्हणून. मला बोलतील, तुला नाही.

येताना स्टेपनी उतरवून बघ आणि जॅक बरोबर आण. मागच्या मालकानं दिलेला पाना तुझ्या नटांना बसतो की नाही, तेही तिथेच तपासू. काकांना नमस्कार.

तुझा,
दिल्या